कामोली : इटलीच्या किनाऱ्यावरचं एक जुनं दर्यावर्दी गाव

निशिगंध

लिगुरियाच्या, म्हणजे इटलीच्या वायव्येकडच्या प्रांताच्या, किनाऱ्याला जाणारी आपली मंडळी बहुतेक वेळा चिंक्वे तेर्रे (समुद्राकाठची पाच गावं) आणि पोर्तोफिनो उरकून परत फिरतात. या दोन्हींच्या मधोमध नसलं तरी दोन्हींच्या वाटेवर कामोली नावाचं एक गाव आहे. जिनोआहून पूर्वेकडे जाणाऱ्या साध्या प्रादेशिक गाडीने साधारण पाऊण तास लागतो. या किनाऱ्यावर एकच गाव बघायला वेळ असेल तर कामोली बघा आणि तिथे मुक्काम करा, असं माझं ठाम मत आहे. ते का, ते सांगण्यासाठी हा धागा.

आधी जे डोळ्यांत भरतं ते. पोर्तोफिनोचा डोंगर जिथे समुद्रात उतरतो त्याच्या पश्चिम कुशीत हे गाव बसलंय. जागा अरुंद, त्यामुळे घरं वर वर चढलेली, सहा-सहा सात-सात मजल्यांची. गेरू, केशरी, गुलाबी, पिवळा असे रंग आणि सगळ्या खिडक्यांना हिरवी झडपं. जरा थांबून बघितलं की कळतं, यातल्या कितीतरी खिडक्या खऱ्या नाहीतच, भिंतीवर रंगवलेल्या आहेत. खिडकीच्या महिरपी, कोपऱ्याचे घडीव दगड, नक्षी, एवढंच काय, त्यांच्या सावल्यासुद्धा रंगाने काढलेल्या. कोरीव दगडाचा खर्च टाळून भिंतीला भारदस्तपणा आणायची ही लिगुरियाची जुनी रीत आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात खऱ्या आणि रंगवलेल्या सावल्या शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा त्या कारागिरांना मनापासून दाद द्यावीशी वाटते.

किनाऱ्यालगत एका खडकावर सांता मारिया आस्सुंता हे बाराव्या शतकात सुरू झालेलं चर्च आणि त्याला खेटून द्रागोनाराचा छोटा किल्ला आहे. हा भाग पूर्वी बेटच होता, नंतर तो जमिनीला जोडला गेला. त्याच्या एका अंगाला गोट्यांची पुळण आणि दुसऱ्या अंगाला बंदर. कमानीखालून बंदरात उतरलं की जाळी वाळत घातलेली दिसतात. ती पर्यटकांसाठी मांडलेली नाहीत, रोजच्या कामाची आहेत.

पण कामोलीचं खरं मोठेपण या सुंदर भिंतींच्या मागे आहे. एकोणिसाव्या शतकात या चिमुकल्या गावाकडे शेकडो शिडांच्या जहाजांचा ताफा होता. काळ्या समुद्रातलं धान्य पश्चिम युरोपात आणणं हा मोठा धंदा. १८५०च्या दशकात क्रिमियन युद्ध पेटलं आणि रसद वाहून नेण्याचं भरपूर काम या जहाजांना मिळालं. इटलीत आजही कामोलीला 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव' म्हणतात. पुढे वाफेची जहाजं आली. लोखंडी बोटींचं भांडवल घरगुती पैशांतून उभं राहीना, आणि हे सगळं काही दशकांत ओसरलं.

त्या काळाच्या खुणा बघायच्या तर दोन ठिकाणं चुकवू नका. पहिलं म्हणजे जो बोनो फेर्रारी यांच्या नावाचं सागरी संग्रहालय. जहाजांच्या प्रतिकृती, दिशायंत्रं, कप्तानांनी काढून घेतलेली आपापल्या जहाजांची चित्रं. संग्रहालय लहान आहे आणि वेळा मोजक्या असतात, आधी बघून ठेवा. दुसरं ठिकाण बोस्केत्तोचं देवस्थान, गावाच्या वरच्या अंगाला. १५१८ साली इथे एका मुलीला मेरीने दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडताना इथे चित्रं वाहिली. काळंकुट्ट आकाश, मोडलेली डोलकाठी, जहाजावर चढून आलेली लाट, आणि वरच्या कोपऱ्यात ढगांमध्ये बाळाला घेतलेली माता. बऱ्याच चित्रांवर जहाजाचं नाव आणि तारीख आहे. मी तिथे ठरवलं होतं त्यापेक्षा खूप जास्त वेळ रेंगाळले. खाली रंगवलेल्या खिडक्या बघून आल्यावर ही चित्रं बघितली की त्या घरांत कोण वाट बघत बसलं असेल ते समजतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तोन्नारेल्ला, समुद्रात उभं केलेलं मासेमारीचं जुन्या पद्धतीचं जाळं. त्याबद्दल सविस्तर लिहिते, पण आधी तुम्ही काय म्हणता ते वाचू दे.

डोंगरयात्री

छान लिहिलंय. पण खरं सांगू का, पहिल्यांदा जाणाऱ्याने चिंक्वे तेर्रे सोडून इथे का जावं हे अजून पटलं नाही. तिथली द्राक्षांच्या मळ्यांची पायरीशेती, दगडावर दगड रचून बांधलेल्या बांधांच्या रांगा, याला तोड नाही. उगीच नाही १९९७ साली युनेस्कोच्या यादीत गेलं.

निशिगंध

@डोंगरयात्री, पायरीशेतीबद्दल शंभर टक्के सहमत. ते बांध माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हातांनी रचलेत. पण उन्हाळ्यात तिथे लोक एका गावात उतरतात, फोटो काढतात आणि पुढच्या गाडीने पुढच्या गावात जातात. पाच गावं एका दिवसात 'करायची' असा प्रघातच पडलाय. कामोलीत अजून शाळेची मुलं, बाजाराला निघालेल्या आज्ज्या आणि मासे निवडणारे कोळी दिसतात. वेळ असेल तर कामोलीला राहून चिंक्वे तेर्रेला एक दिवस जाता येतं, त्याच रेल्वेमार्गावर आहे. उलटं करू नका एवढंच म्हणणं. आणि हो, रिओमाज्जोरे ते मानारोला ही समुद्राकाठची प्रसिद्ध पायवाट २०१२ साली दरड कोसळल्यावर बंद होती, ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिला वेगळं शुल्क आहे आणि वेळ आधी ठरवावी लागते.

सुगरण_ठाणे

शाकाहारी माणसाचं कसं होतं तिथे? आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. किनाऱ्यावरचं गाव म्हणजे सगळं मासळीचंच असेल ना?

मिलानवासी

मी देते उत्तर. बरीच वर्षं मिलानमध्ये आहे आणि कंटाळा आला की कामोलीलाच पळते. लिगुरिया हा शाकाहाऱ्यांसाठी इटलीतला सगळ्यात सोयीचा प्रांत आहे असं मी म्हणेन. खलाशी महिनोन्‌महिने समुद्रावर, आणि घरी डोंगरउताराच्या वाफ्यात पिकेल तेवढंच, त्यामुळे इथल्या स्वयंपाकात पालेभाज्या, तुळशीच्या जातीचा बाझिल, ऑलिव्हचं तेल आणि हरभऱ्याचं पीठ भरपूर.

फरिनाता मागा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस्स. रुंद तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वरून खरपूस, आतून मऊ. गरमच खायची, गार झाली की मजा गेली. फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, सकाळी न्याहारीला, साधा किंवा कांद्याचा. त्रोफिए नावाचा पिळाचा पास्ता पेस्तोबरोबर (बाझिलच्या हिरव्या चटणीबरोबर), त्यात बटाटा आणि फरसबी घालतात. पान्सोती म्हणजे रानभाज्या भरलेला पास्ता, वर अक्रोडाची चटणी, पण त्यात अंडं असू शकतं, विचारूनच घ्या. आणखी एक. पेस्तोत जे चीज पडतं ते पार्मेजानो किंवा पेकोरिनो. यात वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारा पाचक रस) असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी 'चीजशिवाय' असं स्पष्ट सांगावं. काही ठिकाणी पेस्तो आधीच तयार असतो, मग नाइलाज.

शेजारच्या रेक्कोचा चीजचा फोकाच्चा तर खाल्लाच पाहिजे (चीज चालत असेल तर). कागदासारखे दोन पातळ थर, मध्ये मऊ ताजं चीज. २०१५ पासून त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे.

रेक्को निघालं म्हणून सांगते. कामोलीहून पुढच्याच स्टेशनवर उतरलात तर बुचकळ्यात पडाल, कारण तिथे जुनं असं जवळपास काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथला रेल्वेचा उंच पूल पाडण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी १९४३-४४ मध्ये वारंवार बॉम्ब टाकले आणि सगळं गाव बेचिराख झालं. एका पुलामुळे एक गाव गेलं, आणि डोंगराच्या वळणापलीकडचं राहिलं. कामोलीच्या रंगीत भिंतींकडे बघताना मला हे नेहमी आठवतं.

सुगरण_ठाणे

किती व्यवस्थित सांगितलंत! वाचनखूण साठवली.

निशिगंध

आता तोन्नारेल्ला. कामोली आणि पुंता क्याप्पा (डोंगराचं समुद्रात शिरलेलं टोक) यांच्या मधल्या पाण्यात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, हे जाळं एका जागी उभं करतात. वसंतात टाकायचं, उन्हाळा संपला की काढायचं. सतराव्या शतकापासून ते इथे आहे असं मानतात आणि इटलीत असे उभे सापळे आता मोजकेच उरलेत. किनाऱ्याकडून पाण्यात एक लांब आडवी भिंत असते. किनाऱ्याने पोहत आलेला मासा तिला अडतो, वळतो आणि खोल पाण्याकडे निघतो. तिथे जाळ्याची खोली त्याची वाट बघत असते. कोळी दिवसातून अनेकदा होडीतून जातात आणि ती खोली हातांनी वर ओढतात. यंत्राने नाही. नावात टूना असला तरी आता मुख्यतः त्याचे लहान भाऊबंद, बांगड्याच्या कुळातले मासे आणि रिच्चोला नावाचा मोठा मासा मिळतो. नको ते जिवंतपणीच परत सोडता येतं, कारण मासा जाळ्यात अडकून मेलेला नसतो, आत फिरत असतो.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट पुढे आहे. हे जाळं काथ्याचं असतं. नारळाच्या काथ्याचं! दरवर्षी नवं, हातांनी विणलेलं. लिगुरियात नारळ होत नाही, सूत बाहेरून येतं. खरखरीत काथ्यावर शेवाळ पटकन धरतं, त्याने लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे. आणि हंगाम संपला की काथ्याचा भाग कापून समुद्रातच सोडून देतात, तो तळाशी कुजून जातो. नायलॉनचं असतं तर हे करता आलं असतं का? सहकारी संस्थेतले मोजके लोक हे सगळं चालवतात, आणि पारंपरिक खाद्यपद्धती जपणाऱ्या स्लो फूड चळवळीने या मासेमारीला आपल्या जतनाच्या यादीत घेतलंय.

गेदर

ताई, काथ्या वाचला आणि लॉगिन करून लिहायला बसलो. मी मालवणचा. आमच्याकडे अजून रापण ओढतत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकत जायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पंचवीस-पन्नास माणसांनी ओढायची. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. माणसाला वाटा, होडीला वाटा, जाळ्याला वाटा. माझ्या आजोबांच्या वेळचे काथ्याचे दोर मी लहानपणी हाताळलेत, हाताची साल निघते. आता सगळं नायलॉन.

तुमचं लिखाण वाचून वाटलं की या दोन्हींमागचं गणित एकच आहे. मासा किनाऱ्याजवळ येईपर्यंत थांबायचं, त्याच्यामागे धावायचं नाही. म्हणूनच दोन्हींना धोकाही एकच. खोल पाण्यात कोणी सगळं उपसून नेलं तर किनाऱ्याला काय येणार? आमच्याकडे पर्ससीनवाल्यांशी (यांत्रिक बोटींतून मोठं जाळं टाकून माशांचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्यांशी) वर्षानुवर्षं भांडण चाललंय. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, पण समुद्रात पहारा ठेवणार कोण? त्यांच्याकडे तसं काही आहे का?

निशिगंध

@गेदर, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पोर्तोफिनोच्या डोंगराभोवतीचं पाणी १९९९ पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे. त्याचे विभाग आहेत. एका लहानशा आखातात तर पोहायला आणि बोट न्यायलाही बंदी, बाकी भागात स्थानिक कोळ्यांना पारंपरिक पद्धतीने मासेमारी करू देतात. म्हणजे तोन्नारेल्लाला शेजारचंच राखलेलं पाणी मिळालंय. नुसती परंपरेची आवड असून ती टिकली नसती, तिच्या आजूबाजूचा समुद्र राखला म्हणून टिकली असं मला वाटतं. रापणीला हेच मिळायला हवं.

अनवाणी

एक शंका. हात भरून मासे ओढणाऱ्या माणसांकडे आपण कॅमेरे घेऊन बघायला जायचं, हे मला खटकतं. त्यांचं ते पोटापाण्याचं काम आहे.

गेदर

@अनवाणी, आमच्याकडे रापण ओढताना पर्यटक येतात. जो नुसता फोटो काढतो त्याचा राग येतो हे खरं. पण जो दोराला हात लावतो, मासळी विकत घेऊन जातो, त्याचं स्वागतच असतं. बघायला येऊ नका असं आमच्यातलं कोणी म्हणणार नाही. आमचं काम कोणी बघितलंच नाही तर ते बंद पडलेलंही कोणाला कळणार नाही.

निशिगंध

गेदर यांच्याशी सहमत. कामोलीत जाळं बघायला वेगळं काही करावं लागत नाही. पुंता क्याप्पाकडे जाणारी प्रवासी बोट जवळून जाते, तरंगणारे बोये आणि होड्या दिसतात. कोळ्यांची ताजी मासळी बंदरावर विकायला असते, जवळपासच्या खानावळीतही तीच. तिथे खर्च केलेला पैसा थेट त्यांना पोचतो.

चीफ_मेट

मर्चंट नेव्हीत आहे. जिनोआला जहाज लागलं की वेळ काढून कामोलीला जाणारे आमच्यात बरेच. एक गोष्ट जोडतो, जी जहाजवाल्यांनाच जास्त जाणवेल.

एवढ्याशा गावाकडे एवढी जहाजं कशी? इटलीत जहाजाची मालकी चोवीस हिश्श्यांत विभागायची पद्धत आहे, त्यांना 'काराती' म्हणतात. एकाने दोन घ्यायचे, दुसऱ्याने एक, कप्तानाने स्वतःचे तीन-चार. म्हणजे गावातली साधी कुटुंबंही जहाजाची भागीदार. आता एखादं जहाज बुडालं तर? म्हणून १८५३ साली कामोलीकरांनी आपसांतच विमा मंडळी काढली. सगळे मालक एकमेकांचे विमेदार, कोणाचं जहाज गेलं तर नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आज जगातली बहुतेक व्यापारी जहाजं ज्या 'पी अँड आय क्लब'कडे (जहाजमालकांच्या विमा मंडळ्यांकडे) विमा उतरवलेली असतात, त्यांच्या मुळाशी हेच परस्पर विम्याचं तत्त्व आहे. यात लबाडीला जागा कमी, कारण शेजाऱ्याचं जहाज नीट राखलंय की नाही यावर प्रत्येकाची नजर. गावात नौकानयनाची शाळाही एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि तिथून अजून अधिकारी तयार होतात.

बोस्केत्तोच्या चित्रांबद्दल निशिगंध यांनी लिहिलंय ते अगदी खरं. खराब हवामानात वॉच (जहाजावरचा पहारा) केलेल्या माणसाने ती चित्रं बघितली की काही बोलवत नाही. चित्रकाराने लाट कोणत्या बाजूने आली, कोणतं शीड आधी फाटलं हेसुद्धा नेमकं दाखवलंय. सांगणारा माणूस समोर बसल्याशिवाय असं काढता येत नाही.

जलपरी

तारकर्लीला स्कूबा शिकले आणि तेव्हापासून एक स्वप्न आहे, सान फ्रुत्तुओसोचा समुद्रतळाचा ख्रिस्त. तो इथूनच जवळ ना? कोणी डाइव्ह केलंय का?

मिलानवासी

जवळच. कामोलीहून बोटीने अर्ध्या तासात. सान फ्रुत्तुओसोला रस्ता नाही, एक तर बोट नाहीतर पायवाट. जुना बेनेडिक्टाइन मठ अगदी पाण्याला टेकून उभा आहे, आत जिनोआच्या दोरिया घराण्याच्या तेराव्या शतकातल्या समाध्या. समोरची पुळण मुळात नव्हतीच. १९१५ च्या महापुरात डोंगरावरून आलेल्या दगडमातीने ती झाली, मठाचा पुढचा भागही तेव्हा ढासळला. १९८३ मध्ये दोरिया पांफिली कुटुंबाने हे सगळं इटलीच्या वारसा जपणाऱ्या न्यासाला देऊन टाकलं.

ख्रिस्ताची मूर्ती ब्राँझची, अडीच मीटर उंच, हात वर पसरलेली, साधारण १७ मीटर खोलीवर. १९४७ मध्ये दारिओ गोन्झात्ती हा इटलीतला सुरुवातीचा पाणबुड्या इथे बुडाला. त्याचा मित्र दुइलिओ मार्कान्ते याने स्मारकाची कल्पना काढली, गुइदो गाल्लेत्ती याने मूर्ती घडवली आणि ऑगस्ट १९५४ मध्ये ती तळाशी ठेवली. पदकं, जहाजांच्या घंटा, पंख्यांची पाती असं लोकांनी दिलेलं ब्राँझ वितळवून ती बनवली आहे. मी डाइव्ह केलं नाही, पण तिथे जाणारे डाइव्हर नेहमी दिसतात. परवानाधारक केंद्रामार्फतच जावं लागतं, संरक्षित क्षेत्र असल्यामुळे. मूर्तीची प्रतिकृती मठाजवळच्या चर्चमध्ये आहे, ती पाण्यात न उतरणाऱ्यांनाही बघता येते.

जलपरी

काय सुंदर! आता जायचंच. कधी जाऊ?

मिलानवासी

मे-जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये सगळी इटली समुद्रावर असते, राहायला जागा मिळणं मुश्कील. पण गर्दी सोसणार असाल तर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी 'स्तेल्ला मारिस' असतो. दिवसा होड्यांची मिरवणूक पुंता क्याप्पाला जाते आणि रात्री कामोलीच्या किनाऱ्यावरून हजारो दिवे पाण्यात सोडतात. मेच्या दुसऱ्या रविवारी मासळीचा उत्सव. आदल्या रात्री पुळणीवर मोठ्या होळ्या पेटवतात आणि दुसऱ्या दिवशी सुमारे चार मीटर व्यासाच्या कढईत मासे तळून वाटतात. १९५२ पासूनची ही चाल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लिगुरियात फार धोकादायक पाऊस होतो, २०११ मध्ये चिंक्वे तेर्रेतल्या दोन गावांची दैना झाली होती. त्या दिवसांत गेलात तर हवामानखात्याचा इशारा रोज बघा, आणि इशारा असेल तर ओढ्यानाल्यांजवळ आणि तळमजल्यावर थांबू नका.

आप्पा_नाशिक

आम्ही दोघं सत्तरी ओलांडलेली. हिचे गुडघे दुखतात. जमेल का? स्पष्ट सांगा.

निशिगंध

आप्पा, स्पष्टच सांगते. कामोलीत पायऱ्या आहेत आणि त्या टळणार नाहीत. गावाचा मुख्य रस्ता वर आणि बंदर-पुळण खाली, मध्ये जिने. पण अंतरं लहान आहेत. राहायची जागा ठरवताना दोन प्रश्न विचाराच: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि इमारतीला लिफ्ट आहे का. जुन्या घरांत रस्त्याकडून शिरलं की आपण मधल्याच मजल्यावर असतो, त्यामुळे 'दुसरा मजला' म्हणजे वर की खाली हेही विचारा. दिवसातून एकदाच खाली उतरायचं, बंदरावर निवांत बसायचं, तिथूनच बोटीने सान फ्रुत्तुओसो बघून यायचं. बोटीत चढताना फळी ओलांडावी लागते, खलाशी हात देतात. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून राखीव दिवस ठेवा. पुळणीवर गोटे आहेत, रबरी बूट घेतले तर काकूंना पाण्यात पाय सोडून बसता येईल.

चालत सान फ्रुत्तुओसोला जायचा विचार मात्र करू नका. @डोंगरयात्री, तुमच्यासाठी: कामोलीच्या वरच्या सान रोक्को वस्तीहून जुन्या लष्करी तोफखान्यावरून जाणारी वाट अवघड आहे, काही ठिकाणी साखळ्या धरून जावं लागतं. आतल्या रानातून जाणारी सोपी. सान रोक्कोपर्यंत गावातून बसही आहे, तिथल्या चर्चसमोरच्या कठड्यावरून सगळं आखात दिसतं, तेव्हा आप्पा, तिथवर तुम्हीही जा.

आप्पा_नाशिक

आभारी आहे, ताई. सप्टेंबरचं बघतो. जिनोआहून तिकीट आधी काढावं लागतं का?

मिलानवासी

नाही काका, प्रादेशिक गाडीला आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं असतं, त्याच दिवशी काढलं तरी चालतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. जिनोआत दोन मोठी स्टेशनं आहेत, प्रिन्चिपे आणि ब्रिन्योले, कामोलीची गाडी दोन्हीकडे मिळते. सगळ्या जलद गाड्या कामोलीला थांबत नाहीत, तेवढं फलकावर बघा. मिलानहून येणार असाल तर निरोप करा, गाड्यांच्या वेळा मी काढून देईन.